कोपराचे जुने दुखणे आणि इंजेक्शनांचा जमाखर्च

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि विभागवार कार्यवृत्तान्त यांच्या जोडीने एखाद्या व्याधीची माहिती सुलभ भाषेत देण्याचा प्रघात आहे. यंदा कोपराच्या दुखण्याचा विषय निवडण्यास दोन कारणे घडली. अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अलीकडे आजाराचे नाव विचारण्याआधीच इंजेक्शनाचे नाव सांगू लागले आहेत, हे पहिले कारण. दुसरे कारण असे, की आपल्या संस्थेच्या एका जुन्या हितचिंतक कुटुंबाने अशाच एका इंजेक्शनासाठी लागणारे यंत्र भेट देण्याची इच्छा प्रकट केली आणि त्या प्रस्तावावर विश्वस्त मंडळात बराच खल झाला. त्या चर्चेत जे समजले ते सर्व देणगीदारांपुढे आणि रुग्णांच्या कुटुंबीयांपुढे ठेवावे, अशी मा. अध्यक्षांची सूचना होती. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. सबब लेखातील वैद्यकीय मजकूर आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी वाचून व दुरुस्त करून दिला आहे, हे आरंभीच नमूद करतो.

या दुखण्याला सर्वत्र 'टेनिस एल्बो' म्हणतात. रुंगे नावाच्या जर्मन वैद्याने १८७३ साली त्याचे वर्णन प्रथम केले, ते लेखनिकांच्या संदर्भात. पुढे १८८२ साली इंग्लंडमध्ये मॉरिस यांनी त्याचा संबंध लॉन टेनिसशी जोडला आणि तेच नाव रूढ झाले. महाराष्ट्रात हा शब्द घरोघर पोहोचला तो २००४ साली, सचिन तेंडुलकर यांच्या कोपरामुळे. त्या दुखण्यापायी त्यांना अनेक सामन्यांना मुकावे लागले, २००५ साली इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीच्या कसोटीत त्यांनी आपले पस्तिसावे शतक झळकावले. त्या काळात कोपर धरून येणारा प्रत्येक रुग्ण 'मला सचिनचे दुखणे झाले आहे' असे थोड्या अभिमानानेच सांगत असे, असे आपले ज्येष्ठ डॉक्टर आजही सांगतात. प्रत्यक्षात आपल्याकडे येणाऱ्या या रुग्णांपैकी टेनिसची रॅकेट हाती धरलेले जवळजवळ कोणीच नसते. पोळ्या लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया, सुतार, गवंडी, रंगारी, प्लंबर, शिंपी आणि दिवसभर संगणकाचा माउस हलविणारे आमच्यासारखे कारकुनी पेशाचे लोक हेच बहुसंख्य. प्रौढ लोकसंख्येपैकी सुमारे १ ते ३ टक्के लोकांना हा त्रास होतो आणि तो प्रामुख्याने वयाच्या पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान, म्हणजे संसाराचा भार हातावर सर्वाधिक असतो त्या वयात, उद्भवतो.

दुखते ते कोपराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या हाडाच्या उंचवट्याजवळ. मनगट आणि बोटे मागे उचलणारे स्नायू तेथे एका समाईक कंडरेने हाडाला जोडलेले असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट दोरी. आपण एखादी वस्तू मुठीत घट्ट धरतो तेव्हा मनगट खाली पडू नये म्हणून हेच स्नायू त्याला मागून तोलून धरतात. म्हणून कळ कोपराला येते, पण त्रास होतो तो मुठीच्या कामात. टॉवेल पिळणे, लाटणे फिरविणे, बरणीचे झाकण उघडणे, भरलेली कळशी उचलणे ही कामे अडतात. कित्येकांना चहाचा कपही दुसऱ्या हाताने उचलावा लागतो. हस्तांदोलन तर नकोसेच होते.

दुखते म्हणजे तेथे सूज असणार, अशी समजूत डॉक्टरांचीही दीर्घकाळ होती. अमेरिकेतील निर्शल आणि पेट्रोन या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरेच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून १९७९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना तेथे दाहाच्या पेशी आढळल्या नाहीत. आढळले ते विस्कटलेले, नीट न जुळलेले तंतू आणि त्यांत शिरलेल्या नव्या बारीक रक्तवाहिन्या. साध्या शब्दांत सांगायचे तर हे दुखणे प्रामुख्याने आगीचे नसून झिजेचे आणि अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीचे आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे पुढील सर्व विवेचनाचा उलगडा होतो. आग विझविण्याचे औषध आग नसलेल्या ठिकाणी ओतले तर काय होईल, हाच प्रश्न स्टेरॉईडच्या इंजेक्शनापुढे उभा आहे.

स्टेरॉईड हे दाह शमविणारे प्रभावी औषध. कॉर्टिसोनच्या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच दशकात सांध्यांभोवती ही इंजेक्शने देण्याची पद्धत जगभर पसरली. कोपरासाठीही ती दशकानुदशके दिली जात आहेत. ती लोकप्रिय होण्यामागे सबळ कारण आहे. सुई टोचल्यावर एक-दोन दिवस ठणका वाढतो खरा, पण नंतर आठवडाभरात रुग्णाला आपला हात परत मिळाल्यासारखे वाटते. रुग्ण संतुष्ट, डॉक्टर संतुष्ट.

या संतोषाचा वर्षभराचा हिशेब प्रथम नीट मांडला तो नेदरलँडमधील संशोधकांनी. २००२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १८५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एका गटाला स्टेरॉईडची इंजेक्शने, दुसऱ्याला भौतिकोपचार, आणि तिसऱ्याला केवळ सल्ला व धीर धरण्याची सूचना. सहा आठवड्यांनी पाहिले तेव्हा इंजेक्शनाच्या गटातील ९२ टक्के रुग्णांना गुण आला होता, भौतिकोपचाराच्या गटात ४७ टक्के आणि काहीच न केलेल्या गटात ३२ टक्के. येथेच कागद मिटला असता तर निकाल स्पष्ट होता. परंतु बावन्न आठवड्यांनी त्याच रुग्णांना पुन्हा तपासले, तेव्हा इंजेक्शनवाले ६९ टक्क्यांवर उतरले होते, भौतिकोपचारवाले ९१ टक्क्यांवर होते आणि ज्यांनी फक्त धीर धरला ते ८३ टक्क्यांवर.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे आकडे ओळखीचे वाटतात. पहिल्या तिमाहीत भरघोस नफा दाखविणारा आणि वर्षअखेर तोट्यात जाणारा व्यवहार आम्ही पुष्कळ पाहिलेले असतात. अशा व्यवहारात सुरुवातीचा पैसा बहुधा कर्जाऊ असतो.

एका अभ्यासावर भरवसा ठेवू नये, हेही खरेच. म्हणून ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या अभ्यासाकडे वळू. तो २०१३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १६५ रुग्ण होते. काहींना स्टेरॉईडचे एकच इंजेक्शन दिले, काहींना तसेच दिसणारे, पण केवळ निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे. आपल्याला कोणते मिळाले, हे रुग्णास ठाऊक नव्हते. वर्षानंतर मिठाच्या पाण्याच्या गटातील ९६ टक्के रुग्ण पूर्ण बरे किंवा पुष्कळ सुधारलेले होते, स्टेरॉईडच्या गटातील ८३ टक्के. एकदा बरे वाटून दुखणे उलटण्याचे प्रमाण मिठाच्या पाण्याच्या गटात १२ टक्के, तर स्टेरॉईडच्या गटात ५४ टक्के निघाले. म्हणजे औषध घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा त्रास परतला. याच अभ्यासातील एक गोष्ट आमच्या भौतिकोपचार विभागाला फारशी रुचणारी नाही, तरी प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. वर्षअखेरच्या निकालात भौतिकोपचार घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत विशेष फरक आढळला नाही. ज्यांना स्टेरॉईड दिले नव्हते त्यांना पहिल्या चार आठवड्यांत मात्र व्यायामाचा लाभ स्पष्ट दिसला.

या दोन्ही अभ्यासांतून एक दिलासा मिळतो, तो प्रत्येक कुटुंबाने मनाशी धरावा. हे दुखणे चिवट आहे, पण त्याची मुदत ठरलेली आहे. काहीही विशेष न करता ८० ते ९० टक्के रुग्ण वर्षभरात बरे होतात.

परंतु ज्याचे पोट हातावर आहे त्याला 'वर्षभर धीर धरा' असे सांगणे सोपे नाही. अहवालातील तक्ता वाचणे वेगळे आणि समोर बसलेल्या माणसाला सांगणे वेगळे. गेल्या वर्षी आपल्याकडे आलेल्या एका भगिनीचे उदाहरण देतो. त्या एका खानावळीत रोज शे-दीडशे पोळ्या करीत. उजवे कोपर दुखू लागले तेव्हा त्यांनी गावातच इंजेक्शन घेतले. दोन दिवसांत हात मोकळा झाला. त्या लगेच पूर्ववत कणीक तिंबू लागल्या. दोन महिन्यांनी दुखणे परतले, अधिक जोराने. पुन्हा इंजेक्शन. मग तिसरे. प्रत्येक वेळी आराम कमी दिवस टिकला. आपल्याकडे आल्या तेव्हा कोपराच्या बाहेरच्या बाजूला रुपयाएवढा पांढरा डाग पडला होता आणि तेथील चरबी झिजून खळगा दिसत होता. सावळ्या कातडीवर असा डाग उठून दिसतो. त्यांच्या सूनबाईंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याचा नव्हता, हे कोड तर नाही ना, असा होता. ते कोड नव्हते. स्टेरॉईड त्वचेलगत पसरल्याने रंग उडण्याचा हा परिचित दुष्परिणाम होता आणि बहुधा काही महिन्यांत तो कमी होत जातो. पण तेवढ्या काळात घरात काय काय बोलले गेले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. त्यांना मधुमेहही होता. स्टेरॉईडच्या इंजेक्शनानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

यात दोष कोणा एकाचा, असे म्हणता येत नाही. बाईंना पोळ्या करणे भाग होते. दुखणे थांबते ते कंडरा सांधली गेल्यामुळे नव्हे, वेदनेची जाणीव दबल्यामुळे. अशा काळात माणूस कमजोर दोरीवर पूर्ण भार टाकतो. आपल्या रुग्णालयात स्टेरॉईड सर्वस्वी वर्ज्य केलेले नाही. वेदनेने झोप लागत नसेल, किंवा थोड्याच दिवसांचे एखादे अटळ काम पार पाडावयाचे असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ एखादे इंजेक्शन देतात. मात्र वर्षअखेर त्याची किंमत मोजावी लागण्याचा संभव आहे, हे मराठीत समजावून सांगून आणि संमतिपत्रावर तशी नोंद करूनच. वारंवार इंजेक्शने देण्यास आमच्याकडे नकार मिळतो आणि त्यामुळे काही रुग्ण नाराज होऊन अन्यत्र जातात, हे प्रशासक म्हणून मला ठाऊक आहे.

आता ज्या इंजेक्शनाची आज सर्वाधिक विचारणा होते त्याकडे वळतो. त्याला 'पीआरपी' म्हणतात. रुग्णाच्याच दंडातून थोडे रक्त काढावयाचे, ते सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवावयाचे, म्हणजे रक्ताचे घटक आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे होतात. त्यातील प्लेटलेट्सनी समृद्ध असा पिवळसर द्रव दुखऱ्या कंडरेत टोचावयाचा. जखम झाल्यावर रक्त गोठविण्यास ज्या प्लेटलेट्स धावून येतात, त्याच दुरुस्तीला चालना देणारी द्रव्ये सोडतात. दुरुस्ती अर्धवट राहिलेल्या ठिकाणी दुरुस्तीचे कारागीर नेऊन सोडावयाचे, अशी ही कल्पना. ती ऐकताक्षणी पटते. आपलेच रक्त, बाहेरचे रसायन नाही, ही गोष्ट आपल्या लोकांना विशेष भावते. २००३ साली अमेरिकेत २८ रुग्णांना असेच स्वतःचे साधे रक्त टोचून पाहण्यात आले आणि बहुतेकांना बरे वाटल्याचे प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्यात नव्हता, आणि ज्या दुखण्यात बहुतेक लोक आपोआप बरे होतात तेथे ही उणीव लहान म्हणता येत नाही.

पीआरपीची कीर्ती वाढली ती २०१० सालच्या एका डच अभ्यासाने. १०० रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी व निम्म्यांना स्टेरॉईड दिले. वर्षअखेर पीआरपीच्या गटात ७३ टक्क्यांना गुण आला, स्टेरॉईडच्या गटात ४९ टक्क्यांना. हे आकडे आमच्या मंडळाच्या बैठकीतही वाचले गेले आणि प्रस्तुत लेखकानेच ते उत्साहाने वाचले होते. यंत्र घ्यावे, देणगीदार तयार आहेत, रुग्णांची मागणी आहे, विभागाचे उत्पन्न वाढेल, असे टिपण मी स्वतः तयार केले होते. त्यावर आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला, 'साहेब, शर्यत कोणाशी लावली आहे?' स्टेरॉईड घेतलेला रुग्ण वर्षअखेर मागे पडतो, हे तर आधीच सिद्ध झाले आहे. मागे जाणाऱ्याशी शर्यत लावली तर जागेवर उभा असलेलाही पुढे दिसतो. खरी तुलना मिठाच्या पाण्याशी झाली पाहिजे.

तशी तुलनाही झाली आहे. डेन्मार्कमध्ये ६० रुग्णांचे तीन गट करून पीआरपी, स्टेरॉईड आणि मिठाचे पाणी दिले, तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी तिन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील २३० रुग्णांच्या २०१४ सालच्या अभ्यासात चोवीस आठवड्यांनी पीआरपीचे पारडे काहीसे जड दिसले. असे उलटसुलट निकाल येतात तेव्हा सर्व अभ्यास एकत्र मांडून पाहावे लागतात. 'कॉक्रेन' ही आंतरराष्ट्रीय संस्था ते काम करते. तिने २०२१ साली या विषयावरील ३२ अभ्यास आणि त्यांतील २३३७ रुग्ण यांचा एकत्रित विचार केला. स्वतःचे रक्त किंवा पीआरपी टोचल्याने, नकली इंजेक्शनाच्या तुलनेत, वेदनेत वा हाताच्या कामात रुग्णाला जाणवेल असा लाभ बहुधा होत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष वाचून मी टिपण मागे घेतले. मला त्याचे थोडे वाईट वाटले, हे लपवीत नाही. पीआरपी घेतलेले अनेक रुग्ण 'मला गुण आला' असे सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. त्यांना गुण आलेलाच असतो. प्रश्न एवढाच, की तो त्या महागड्या द्रवामुळे आला, सुईच्या टोचणीमुळे आला, की मधल्या सहा महिन्यांत निसर्गाने आपले काम केले. ज्यांची ऐपत आहे त्यांनी सर्व समजून घेऊन हा उपचार घेतला तर त्यात मोठा धोका नाही. टोचल्यावर काही दिवस ठणका वाढतो, इतकेच. परंतु धर्मादाय रुग्णालयाची बाब निराळी आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ सालापासून लागू झालेल्या योजनेन्वये आपण १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखतो आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतो. त्या निधीतून फेडले जाणारे प्रत्येक बिल दुसऱ्या कोणाच्या तरी शस्त्रक्रियेच्या किंवा डायलिसिसच्या आड येते. मिठाच्या पाण्याहून सरस न ठरलेल्या द्रवाचे बिल त्या खात्यात टाकताना हात अडखळतो.

इतर इंजेक्शनांविषयी थोडक्यात. साखरेचे म्हणजे डेक्स्ट्रोजचे तीव्र द्रावण टोचण्याची एक पद्धत आहे, पण तिच्यावरील अभ्यास लहान आहेत. बोटुलिनम हे स्नायू शिथिल करणारे द्रव्यही वापरून पाहिले गेले. त्याने वेदना काही काळ कमी होते, पण बोटे वर उचलण्याची ताकद काही आठवडे घटू शकते. पोळ्या करणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीला हा सौदा परवडत नाही.

मग आपल्याकडे काय केले जाते? प्रथम दुखणे खरोखर कोपराचेच आहे ना, हे डॉक्टर पाहतात. मानेच्या मणक्यातून निघणाऱ्या नसेचा दाब, सांध्याचा संधिवात किंवा हातातील नसेची अडवणूक यांची कळही तेथेच जाणवू शकते. हाताला मुंग्या येत असतील, रात्री कोपर सुजत असेल किंवा ते पूर्ण सरळ होत नसेल, तर ते टेनिस एल्बो म्हणून अंगावर काढू नये. निदान निश्चित झाल्यावर रुग्णाला भौतिकोपचार विभागात पाठविले जाते. तेथील ताई व्यायाम शिकवितात तो दिसायला अगदी साधा आहे. पुढचा हात तळवा खाली करून टेबलावर ठेवावयाचा, मनगट कडेबाहेर. मुठीत अर्धा किलोचे वजन, घरी पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटलीही चालते. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचलावयाचे आणि मग आधार सोडून अगदी सावकाश खाली न्यावयाचे. थोडे दुखले तरी चालते, दुसऱ्या दिवसापर्यंत ठणका राहिला तर वजन कमी करावयाचे. हे दररोज, सहा ते बारा आठवडे. बहुतेक रुग्ण तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात, म्हणून ताईंचा फोन जातो.

व्यायामाइतकेच महत्त्व कामाच्या पद्धतीला आहे. वस्तू उचलताना तळवा वरच्या दिशेला ठेवला तर दुखऱ्या कंडरेवरचा ताण कमी होतो. टॉवेल पिळण्याऐवजी नळाला अडकवून एकाच दिशेने पीळ द्यावा. लाटण्याची किंवा हातोडीची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. कोपराच्या खाली दोन बोटांवर बांधावयाचा पट्टा कामाच्या वेळी काहींना उपयोगी पडतो. सहा महिने ते वर्षभर हे सर्व करूनही दुखणे हटले नाही, अशा मोजक्या रुग्णांच्या बाबतीतच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

वर उल्लेखिलेल्या भगिनींना खानावळीच्या मालकांनी तीन महिने पोळ्यांऐवजी वाढपाचे काम दिले. त्यासाठी आपल्या समाजसेवा अधीक्षकांना दोनदा तेथे जावे लागले. इंजेक्शन न देता झालेला हा उपचार रुग्णालयाच्या जमेच्या बाजूला कोठेच दिसत नाही. गेल्या महिन्यात त्या तपासणीस आल्या तेव्हा निम्म्या पोळ्या पुन्हा करू लागल्या होत्या. डाग फिकट झाला आहे, पूर्ण गेलेला नाही.

यंत्र देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला मी आणि डॉक्टर मिळून भेटलो. निधी नाकारण्यासाठी देणगीदाराच्या घरी जाण्याचा माझ्या नोकरीतील तो पहिलाच प्रसंग होता. त्यांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले आणि तीच रक्कम भौतिकोपचार विभागात आणखी एका तज्ज्ञाच्या दोन वर्षांच्या वेतनासाठी वळविण्यास संमती दिली. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे दिलेले नाही. नव्या तज्ज्ञ रुजू झाल्या असून, सकाळी कामावर जाणाऱ्या रुग्णांची मजुरी बुडू नये म्हणून विभाग आता सायंकाळीही उघडा असतो. प्रथम तपासणीसाठी अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढावा. मधुमेह असल्यास साखरेचे अलीकडचे रिपोर्ट, आणि पूर्वी कोपरात इंजेक्शन घेतले असल्यास त्याची चिठ्ठी सोबत आणावी.